दुर्बिणीला राखणदार हवा

दसरा झाला, आभाळ निवळलं, की पहिल्या रविवारी आम्ही दुर्बिणीचा आरसा धुतो. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातलं. जूनपासून दुर्बीण पांघरुणाखाली असते आणि ती उघडायची वेळ येते ती नेमकी मळणीच्या हंगामात. मळणीयंत्रातून उडालेली कुटाराची धूळ गावभर तरंगत असते. कितीही झाका, नळीत शिरतेच.

आरसा आठ इंचांचा. मागचे स्क्रू सैल करून तो बैठकीसकट बाहेर काढायचा, कडेने धरायचा, वरच्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. आधी रबरी फुग्याने वारा मारून सुटी धूळ उडवायची. प्लॅस्टिकच्या टबात जुना टॉवेल अंथरायचा, कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब, आणि त्यात आरसा वीस मिनिटं बुडवून ठेवायचा. मग औषधाच्या दुकानातल्या कापसाचा बोळा पाण्याखालीच आरशावर नुसता ठेवून एका दिशेने ओढायचा. दाबायचा नाही. भिजलेल्या कापसाचं जे वजन असेल तेवढाच दाब. एक ओढ झाली की तो बोळा टाकायचा, दुसरा घ्यायचा. शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वरून ओतायचं आणि आरसा भिंतीला टेकवून उभा करायचा. पाणी ओघळून जातं. एखादा थेंब राहिला तर टिपकागदाच्या टोकाने उचलायचा.

पहिल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "सर, इतकं हळू काहून करा लागते? काच तं हाय." काच खाली आहे. खरा आरसा म्हणजे त्या काचेवरचा ॲल्युमिनियमचा थर, सुमारे 100 नॅनोमीटर जाडीचा, आपल्या केसाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. घरातल्या आरशात हा थर काचेच्या पाठीमागे असतो, म्हणून तो फडक्याने खसाखसा पुसला तरी चालतो. दुर्बिणीत तो पुढच्या बाजूला, उघडा असतो. धुळीच्या कणासकट कोरडं फडकं फिरलं की कायमचा ओरखडा. त्या दिवसापासून बोळा ओढायचं काम त्या मुलीकडे आहे. तिची आई वेचणीला जाते. बोंडातून कापूस काढताना पातीचा चुरा येऊ न देणारा हात त्या घरात आहे, तो इथे कामी येतो.

इतकं बारीक सांगायला कारण आहे. खेड्यात विज्ञान पोचवायचं म्हटलं की आपली चर्चा खरेदीपासून सुरू होते आणि तिथेच थांबते. दुर्बीण किती इंची, घुमट बांधायचा का, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं. पावसाळ्यात ती कुठे ठेवायची, आरसा कोण धुणार, दर महिन्याला तिच्याभोवती लोक कोण गोळा करणार, या गोष्टी अंदाजपत्रकात सापडत नाहीत. माझं म्हणणं असं की विदर्भातल्या खेड्यांसाठी सार्वजनिक पैशातून दुर्बीण घ्यायची असेल, तर आधी तिचा राखणदार ठरवा, त्याच्या मानधनाची आणि देखभालीची दरसालची तरतूद करा, आणि मग दुर्बीण घ्या. आणि दुर्बीण राखणं वेगळं, ती लोकांना दाखवणं वेगळं, अशी दोन खाती करू नका. हे काम एकच आहे.

शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेने काही वर्षांपूर्वी मला बोलावलं. निरोप होता, "दुर्बीण आहे, पण काही दिसत नाही." लोखंडी कपाटातून पेटी निघाली. आयपीसच्या, म्हणजे जिथे डोळा लावतात त्या तुकड्याच्या, भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले. ती बुरशी. दमट हवेत, अंधारात, बंद डबीत ती भिंगावर वाढते आणि जुनी झाली की भिंगावरचा लेपच खाऊन टाकते. मग पुसून डाग जात नाही. आरशावर गोल गोल ओरखडे होते. कुणीतरी मनापासून, कोरड्या फडक्याने, तो लख्ख करायचा प्रयत्न केला होता. दुर्बीण आणणारे शिक्षक बदलून गेले होते. नंतर आलेल्यांना हात लावायची भीती, कारण जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिची किंमत लिहिलेली. मोडली तर भरून कोण देणार? पगारातून वसुली होईल असं ज्याला वाटतं, तो कपाटाला कुलूपच लावणार. त्या शिक्षकांना मी बोल लावत नाही. चूक त्या पद्धतीची आहे, जिच्यात वस्तू शाबूत राहिली की जबाबदारी संपते, मग ती कुणी वापरो न वापरो.

आणि ती शाबूतही राहत नाही, हे मला सगळ्यांत जास्त लागतं. त्या पेटीत सिलिका जेलची एक थैली असती तरी भिंगं वाचली असती. त्याचे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी होतात, मंद आचेवर तापवले की परत निळे. त्याहून सोपं म्हणजे दर महिन्याला एक रात्र दुर्बीण बाहेर निघाली असती, तिला वारा लागला असता, तर बुरशीला जागाच मिळाली नसती. आमची दुर्बीण अकरा वर्षं चालते आहे ती चालवल्यामुळेच.

एका माणसावर सगळं टाकलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्यात 1888 साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांची देणगी होती, मुंबई सरकारचा पैसा होता, आणि सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांची मेहनत होती. डब्लिनच्या ग्रब यांची 20 इंची परावर्ती दुर्बीण तिथे होती, त्या काळात देशात सर्वांत मोठी. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला उपकरणं घेऊन आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते आणि सूर्याच्या प्रभामंडळाचा वर्णपट त्यांनी टिपला होता. पुढे ते निवृत्त झाले आणि 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे ती सांभाळली गेली हे चांगलंच झालं, पण महाराष्ट्रातल्या पोरांच्या डोळ्यांपुढून ती गेली ती गेलीच. पाठीमागे दुसरा माणूस तयार केलेला नव्हता. आज आपल्या तालुक्यातल्या शाळेत एका शिक्षकाच्या बदलीने जे होतं, ते हेच.

ज्या वेधशाळा टिकल्या, त्यांच्याकडे देखभाल हे रोजच्या कामाचं अंग आहे. तमिळनाडूत कावलूरला वैणू बाप्पू वेधशाळेतली 2.34 मीटरची दुर्बीण 1986 पासून चालू आहे. तिच्या आरशावरही धूळ बसते, त्याचीही चमक उतरते. तो उतरवून धुवायचा, जुना थर रसायनाने काढायचा, आणि निर्वात टाकीत ॲल्युमिनियमची वाफ करून नवा थर चढवायचा. ही सोय वेधशाळेच्या आवारातच केलेली आहे. जुन्नरजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची 2 मीटरची दुर्बीण आहे, तीही पावसाळ्यात मिटलेली असते. तिथे बंद असणं ही नामुष्की मानली जात नाही. आमच्याकडे मात्र "चार महिने बंद का होती?" असा प्रश्न येतो आणि बंद काळात झालेलं काम कुणाच्या खिजगणतीत नसतं.

लोकांना सामील करून घेण्याच्या बाबतीतही धडे जवळच आहेत. नारायणगावाजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे दारं उघडतात. आजूबाजूच्या खेड्यांतल्या शाळांची मुलं तिथे आपापले प्रयोग मांडतात. पाहायला येणं आणि मांडायला येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लडाखमध्ये 4500 मीटर उंचीवर हानलेला 2 मीटरची चंद्रा दुर्बीण आहे. शास्त्रज्ञ ती बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या मदतीने चालवतात. पण 2022 मध्ये तिथे अंधार राखण्यासाठी राखीव क्षेत्र झालं, तेव्हा त्या भागातल्याच गावांतली 24 माणसं निवडून त्यांना आकाश दाखवायचं शिक्षण दिलं, दुर्बिणी दिल्या. बाहेरून माणूस आणून महिन्यातून एकदा कार्यक्रम उरकण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

आमच्याकडे हा विषय निघाला की एक प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. कापसाला भाव नाही, सोयाबीनने दगा दिला, घराघरात कर्ज आहे, ज्या जिल्ह्यांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या थांबत नाहीत त्या जिल्ह्यांत दुर्बीण कशाला? हा प्रश्न मला एका अंत्यविधीहून परतताना विचारला गेला आहे, आणि त्या वेळी मी गप्प बसलो. दुर्बिणीने कर्ज फिटत नाही. पण ज्या घरावर कर्ज आहे त्या घरातल्या लेकराच्या डोक्यात प्रश्न येणं थांबत नाही, आणि त्याचे प्रश्न भाव सुधारेपर्यंत थोपवून ठेवायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. शहरातल्या मुलाला तारांगण आहे, नागपूरला रामन विज्ञान केंद्र आहे. गावातल्या मुलाकडे खुद्द आकाश आहे. कमी आहे ती दाखवणाऱ्या माणसाची.

2 एप्रिल 2022 ची गुढीपाडव्याची संध्याकाळ विदर्भात कुणी विसरलं नसेल. जळते तुकडे एका रांगेत आभाळातून सरकत गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलं मोठं कडं पडलं, त्या भागात धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचा वापरून झालेला टप्पा वातावरणात परतला असावा, असं जाणकारांनी सांगितलं. पण ते नंतर. त्या रात्री मोबाइलवर उल्का, विमान, क्षेपणास्त्र, सगळं फिरत होतं. मला फोनवर फोन येत होते. मी एवढंच सांगू शकलो की उल्का डोळ्याची पापणी लवते न लवते तोच विझते, हे मात्र सावकाश, बराच वेळ दिसत राहिलं. म्हणजे वेग कमी, म्हणजे बाहेरून आलेला दगड नव्हे, पृथ्वीभोवती फिरणारं माणसाचंच काहीतरी खाली येतंय. दुर्बीण लागली नाही त्याला. मात्र ओळखीचा, विचारता येईल असा माणूस लागला, आणि तो ओळखीचा झाला होता दुर्बिणीमुळे. हे काम रोज पडत नाही, पण ज्या रात्री पडतं त्या रात्री ते अफवेच्या आधी पोचावं लागतं.

आता प्रत्यक्ष दाखवण्याबद्दल. महिन्याच्या शुक्ल अष्टमीला आम्ही शाळेच्या पटांगणात दुर्बीण लावतो. तिथी सगळ्यांना पाठ असते, वेगळी जाहिरात लागत नाही, आणि अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेपेक्षा कितीतरी चांगला दिसतो. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. पौर्णिमेला सावल्याच नसतात, नुसता डोळे दिपवणारा पांढरा गोळा. रांगेत बाया असतात, वेचणीहून आलेल्या, डोळ्यांत काजळ घातलेली लेकरं असतात. रात्र संपली की आयपीसवर काजळ, घाम, पापण्यांचे केस. ते रात्रीच्या रात्री काढायचं असतं, स्पिरिटचा ओलसर कापूस मधून कडेकडे गोल फिरवत. माझ्या ओळखीचे काही हौशी मित्र म्हणतात, चांगला आयपीस लोकांना देऊच नये. मला हे पटत नाही. महागाचा नको हे ठीक, पण भिंगावर काजळ लागू नये म्हणून लोकांनाच लांब ठेवायचं असेल तर दुर्बीण घेतली कुणासाठी?

त्या रांगेत मी आणखी एक शिकलो. सुरुवातीला मी माझ्या डोळ्याला फोकस लावून सगळ्यांना तसंच पाहायला सांगायचो. कित्येक जण "हो, दिसला" म्हणून बाजूला व्हायचे. एकदा एक आजी खरं बोलली, "धुकट दिसते बाप्पा, चुना पोतल्यावानी." मग मी फोकसची चाकी तिच्या हातात दिली. तिने फिरवली, थांबली, आणि बराच वेळ हललीच नाही. डोळ्याला दूरचा किंवा जवळचा साधा नंबर असला तर फोकस फिरवून चित्र साफ होतं, चष्म्याची गरज पडत नाही. जे फिरवूनही धुकट राहतं, ते दुसरं काहीतरी असतं, आमच्या गावात बहुतेक वेळा मोतीबिंदू. आता रांगेत कुणाला साफ दिसलं नाही की एक मुलगा नाव लिहून घेतो आणि पुढच्या नेत्र तपासणी शिबिराला त्यांना आठवण करतो. शाळेतल्या दोन मुलांना फळ्यावरचं दिसत नाही हे असंच कळलं. दुर्बिणीच्या कोणत्याही योजनेत हा उपयोग लिहिलेला मी पाहिला नाही.

आणि शेतकऱ्याशी आकाशाबद्दल बोलायला नवी भाषा लागत नाही. मृगाची वाट सगळा गाव पाहतो. 7 जूनच्या सुमारास मृग लागतो म्हणजे सूर्य मृगशीर्ष नक्षत्रात येतो. म्हणजे ज्या दिवसांत आपण मृगाचं नाव घेतो, त्या दिवसांत ते नक्षत्र सूर्याच्या उजेडात बुडालेलं असतं, दिसूच शकत नाही. मृग पाहायचा तर पौष-माघात, तुरीच्या हंगामात, संध्याकाळी. हे मी पहिल्यांदा पटांगणात सांगितलं तेव्हा सत्तरीतले एक गृहस्थ उठून उभे राहिले आणि म्हणाले, जन्मभर मृगावर पेरलं, पाहिला आज. सप्तर्षींना आमच्याकडची जुनी माणसं खाट म्हणतात. चार तारे खाटेचे खूर, मागचे तीन म्हणजे चोर. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून त्यांच्या तारकांची नावं आणि गोष्टी नोंदवल्या, तो अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दुर्बिणीच्या राखणदाराला आरसा धुता यावा, तसं हे ऐकून घेताही यावं. आपण शिकवायला आलोय असं समजून बोलणाऱ्याच्या रांगेत लोक दुसऱ्यांदा येत नाहीत.

मोठी दुर्बीण नको, असंही मी ठासून सांगेन. आठ इंचांची, लाकडी बैठकीची डॉब्सोनियन पुरे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यापेक्षा ती सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करते. तिच्यात मोटर नाही, सर्किट नाही, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही आणि बैठक मोडली तर गावचा सुतार दुरुस्त करतो. मोटरसायकलवरून खडबडीत रस्त्याने नेली की आरसे हलतात, हे खरं. एखादा ठळक तारा मुद्दाम फोकसबाहेर न्यायचा. उजेडाचं गोल कडं आणि त्यात काळा ठिपका दिसतो. ठिपका मधोमध नसेल तर मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवत तो मध्ये आणायचा. आमच्या दहावीतल्या पोरी हे दहा मिनिटांत करतात.

आरसा कितीही धुतला, तरी वरचं आकाश मळलं तर उपयोग नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेलं क्षेत्र, ठरला. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी यांसारख्या गावांतले दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला गेला. आपल्याच नागपूर जिल्ह्यात हे झालं, पण बाकी विदर्भात गावोगाव चौकात हायमास्ट उभे राहताहेत आणि त्यांचा निम्मा उजेड आभाळात चाललाय. अंधार करा असं मी म्हणत नाही. रात्री बाईमाणसाला रस्त्यावर उजेड हवा, बिबट्याच्या गावात तर हवाच. पण दिव्याला टोपी घातली तर तोच उजेड पायापाशी पडतो, कमी वॅटमध्ये भागतं, आणि ग्रामपंचायतीचं बिलही उतरतं. आमच्या पटांगणाशेजारच्या दिव्याला टोपी घालायला सव्वा वर्ष लागलं. ग्रामसभेत तो ठराव मांडला तो आरसा धुणाऱ्या मुलांनी, आणि मंजूरही त्यांच्यामुळे झाला.

शासनाकडे, जिल्हा परिषदेकडे, आमदार निधी देणाऱ्यांकडे माझं मागणं असं आहे. एका घुमटाच्या पैशात तालुक्याला एक अशा किती दुर्बिणी येतील याचा हिशेब करा. प्रत्येक दुर्बिणीपाठी दोन स्थानिक तरुण नेमा, एक शिकत असताना दुसरा चालवेल असे, म्हणजे एक गेला तरी काम थांबणार नाही. त्यांना महिन्याचं मानधन द्या. वापरताना दुर्बीण मोडली तर शिक्षकाकडून वसुली होणार नाही, असं लेखी काढा. आणि अहवाल मागायचा तर एकाच वहीचा मागा. आमच्या वहीत एकाच पानावर दोन्ही नोंदी असतात, आयपीस किती पुसले आणि लोक किती आले.

शेवटची गोष्ट मुलाम्याची. ॲल्युमिनियमचा थर धुऊन धुऊन कायम टिकत नाही, काही वर्षांनी नवा चढवावाच लागतो. आमचा आरसा मागच्या वेळी पुण्याला न्यावा लागला. रुईच्या गादीत गुंडाळून, लाकडी डब्यात, महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये रात्रभर मांडीवर घेऊन मी तो नेला आणि तसाच आणला. दोन महिने दुर्बीण बंद, ते नेमके हिवाळ्याचे, सगळ्यांत चांगल्या आकाशाचे. नागपूर किंवा अमरावतीच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आठ-दहा इंची आरसा मावेल एवढं निर्वात मुलामा यंत्र लोकांसाठी खुलं ठेवलं, तिथल्याच विद्यार्थ्यांनी ते चालवलं, तर अख्ख्या विदर्भातल्या शाळांच्या कपाटांत पडलेले आरसे तिथे जातील. आमच्या आरशाच्या कडेला यंदा पुन्हा पिवळट डाग दिसायला लागलेत. अजून दोन हंगाम निघतील.